गोळी व्हायरसची, घोळ गॅसच्या गोळीचा

कावीळ आणि लिव्हरबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या वेळी म्हटलं होतं, आणि पत्रं आली पण भरपूर. बहुतेकांचा प्रश्न एकच, औषध चालू असताना काय खायचं आणि काय नाही. त्यातली पाच घेतलीयत. नावं छापत नाहीये, कारण आपल्याकडे हिपॅटायटिस बी किंवा सी निघाला म्हटलं की लोक त्या माणसाचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवतात (ताटातून, तांब्यातून, शेजारी बसून हे दोन्ही पसरत नाहीत, रक्तातून पसरतात, बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही, घरात दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा, बास).

मॅडम, आम्ही मालवणजवळ राहतो. बाबा ६३ वर्षांचे, हिपॅटायटिस सी निघाला. सोफोसबुव्हिर आणि वेलपाटासव्हिर एकत्र असलेली गोळी रोज एक, १२ आठवडे, असं दिलंय, त्यातले तीन आठवडे झाले. आत्या आल्यापासून मासे बंद, हळद बंद, फोडणी बंद. बाबा पेज आणि उकडलेला दुधी खातात, चार किलो उतरलेत. शिवाय आत्या रोज गुळवेलीचा काढा आणि भुईआवळ्याचा रस देते. हे सगळं बरोबर आहे का? गॅसची गोळी मात्र बाबा दहा वर्षं सकाळी उपाशीपोटी घेतात, ती चालूच आहे, ती काय चालतच असेल.

तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, मी तिथूनच सुरुवात करते, कारण आत्याच्या काढ्याच्या आधी ती गॅसची गोळी बघायला हवी. वेलपाटासव्हिर हे औषध पोटात ॲसिड असेल तरच नीट विरघळतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ह्या सकाळच्या गॅसच्या गोळ्या नेमकं ते ॲसिडच बंद करतात, म्हणजे बाबा महागातली गोळी वेळेवर गिळतायत आणि त्यातलं पुरेसं औषध रक्तात पोचतच नाहीये असं होऊ शकतं. औषध कमी पडलं की व्हायरस उरतो, आणि १२ आठवड्यांनंतर तुम्ही म्हणणार औषधाचा गुण आला नाही. एरवी ह्या औषधाने शंभरातले ९५ च्या वर लोक पूर्ण बरे होतात, उगाच त्या पाचात कशाला जायचं.

आता हे वाचून व्हायरसची गोळी थांबवू नका, ती चालूच ठेवायची. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना आजच फोन करून सांगा की अशी अशी गॅसची गोळी चालू आहे. बऱ्याच लोकांना ती खरं तर लागतच नसते, कधीतरी कोणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते आणि मग मेडिकलवाला वर्षानुवर्षं देत राहतो. लागतच असेल तर फॅमोटिडिनसारखा पर्याय असतो, त्याचा डोस आणि वेळ डॉक्टर ठरवतील. आणि अगदीच ओमेप्राझोलशिवाय भागत नसेल तर ते २० मिलिग्रॅमच्या पुढे नाही, आणि क्रम असा की आधी जेवणाबरोबर व्हायरसची गोळी आणि तिच्यानंतर चार तासांनी ओमेप्राझोल, उलटं नाही. ते गुलाबी पातळ औषध, चघळायच्या पांढऱ्या गोळ्या, पाण्यात टाकली की फसफसते ती पावडर, हे सगळं ॲसिड मारणारंच आहे, त्यात आणि व्हायरसच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायचं. घरी मोरी माशाचं तिखट मटण झालं की रात्री हळूच दोन झाकणं पिणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून लिहिलं.

बाकी औषधांत हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर ते आजच्या आज सांगा, सोफोसबुव्हिरबरोबर ठोके धोकादायक इतके मंदावू शकतात. फिट्सच्या गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) आणि टीबीचं रिफाम्पिसिन हे व्हायरसचं औषध शरीरातून भराभर संपवून टाकतात. कोलेस्टेरॉलची गोळी असली तर तिचा डोस तपासून घ्या. आणि औषध सुरू करायच्या आधी बी ची तपासणी केली होती का तेही विचारा, कारण सी चा व्हायरस मरताना दबलेला बी डोकं वर काढू शकतो.

आता आत्या. आत्याचं चुकतंय पण ती मनाचं काही सांगत नाहीये, काविळीचं पथ्य आपल्याकडे पिढ्यांपासून हेच आहे. पण ते पथ्य दूषित पाण्यातून येणाऱ्या ए आणि ई काविळीतून आलं. त्यात माणसाला मळमळ इतकी होते की फोडणीचा नुसता वास आला तरी नको वाटतं, म्हणून तेल बंद. हळद का बंद, तर डोळे पिवळे आणि हळद पिवळी, दुसरं काही कारण मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही! बाबांना ना मळमळ आहे ना डोळे पिवळे. त्यांना बांगडा द्या, पेडवे द्या, तिरफळं घालून केलेलं कालवण द्या, फक्त रोज तळलेलं नको. पेज वाईट नाही, उकड्या तांदळाची पेज मला स्वतःला आवडते, पण तिच्याबरोबर मासा, अंडं, कुळथाची पिठी, मुगाची उसळ असं काहीतरी हवंच. लिव्हर आजारी असताना अंगातलं मांस झडू देणं हे फार वाईट, आणि उतरलेल्या त्या चार किलोत चरबी किती आणि मांस किती हे तुम्हाला कोण सांगणार. कॉफी पीत असतील तर खुशाल पिऊ देत, दिवसाला दोन तीन कप कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर कमी कडक होतं असंच अभ्यासांत दिसलंय, साखर मात्र कमी.

गुळवेल बंद करा. मला माहितीये यावरून मला पत्रं येणार. कोविडच्या काळात प्रत्येक घराच्या गडग्यावरची गुळवेल काढ्यात गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या पेशंट्सची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, गुळवेल सुरक्षितच आहे म्हणाले. तो वाद चालू दे, पण ज्याचं लिव्हर आधीच व्हायरसने सुजलंय त्याने ह्या वादात आपलं लिव्हर कशाला घालायचं. आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल पण असते, झाडावरून तोडून आणणाऱ्याला फरक कळतोच असं नाही.

भुईआवळ्याची गोष्ट वेगळी आणि मला जरा वाईट वाटायला लावणारी आहे. १९८८ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात मद्रासहून एक अभ्यास आला होता, बी च्या पेशंट्सना भुईआवळा देऊन बऱ्याच जणांचा व्हायरस गेला असा, आणि बी चा शोध लावल्याबद्दल १९७६ चं नोबेल मिळालेले ब्लुमबर्ग स्वतः त्यात होते. केवढी आशा वाटली असेल लोकांना. पण नंतर दुसऱ्या ठिकाणी करून बघितलं तर तसं काही दिसेना. आणि हे सगळं बी चं, बाबांना सी आहे. तेव्हा आत्याला म्हणावं नऊ आठवडे थांब. गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी रक्त तपासायचं, त्यात व्हायरस दिसला नाही तर बाबा बरे, मग लिव्हर साफ करायला वेगळं काही लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. गेल्या पावसाळ्यात एक काका आले होते, ज्वेलर्सची असते ना तसली कापडी पिशवी, नाव धुऊन धुऊन पुसट झालेलं. औषधं किती चालू आहेत विचारलं तर म्हणाले एकच. मी म्हटलं पिशवी रिकामी करा टेबलावर. व्हायरसच्या गोळीची डबी निघाली, मग गॅसच्या कॅप्सूल, गुलाबी औषधाची अर्धी बाटली, झाकणाभोवती सुकून खपली धरलेली, गुडघ्याच्या गोळ्यांची कात्रीने कापलेली पट्टी जिच्यावर नाव नेमकं कापलं गेलेलं, मुलाने मस्कतहून आणलेला मल्टिव्हिटामिनचा हा एवढा डबा, कुरियरने आलेलं लिव्हर डिटॉक्स, आणि तळाशी वर्तमानपत्रात बांधलेल्या करड्या पावडरच्या आठ पुड्या, कसल्या ते त्यांनाही माहीत नाही, कोणीतरी कोल्हापूरला देतो म्हणे. त्या पुड्यांची मला सगळ्यात भीती वाटते, अशांत कधी पेनकिलर कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि झोपलेला बी स्टेरॉइडने जागा होतो. काकांच्या हिशोबात औषध एकच कारण बाकीच्या गोष्टींना ते औषध म्हणतच नव्हते. बाबांची पण पिशवी एकदा अशी ओतून बघा.

दापोली तालुक्यातून लिहितेय. वय ४१, हिपॅटायटिस बी, एन्टेकाव्हिर चालू. मी गोळी सकाळी चहा आणि घावण्याबरोबर घेते म्हणजे विसरत नाही. ननंद म्हणते उपाशीपोटी घ्यायची. दुसरं म्हणजे गणपतीत चाकरमानी आले, घर भरलेलं, गोळ्या संपल्या त्या संपल्या, बारा दिवस घेतल्याच नाहीत. मला काही त्रास झाला नाही मग परत सुरू करू का? हरतालिकेला तर मी तशीही घेत नाही.

ननंद बरोबर आहे. एन्टेकाव्हिर अन्नाबरोबर घेतलं की कमी शोषलं जातं, म्हणून जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास, असं दोन्हीकडून मोकळं पोट हवं. सकाळी ते जमत नाही हे मी समजू शकते, चूल पेटली की बाईच्या पोटाचा विचार कोण करतो. त्यापेक्षा रात्री करा. साडेआठला जेवत असाल तर साडेदहाला, दारं लावताना, गोळी आणि पाणी. दूध नको त्या वेळी, दूध पण खाणंच.

ह्यात एक गोंधळ होतो तो सांगते. बी साठीच टेनोफोव्हिर अलाफेनामाइड नावाची २५ मिलिग्रॅमची गोळी असते ती बरोबर उलटी, ती जेवणाबरोबर घ्यायची. आणि टेनोफोव्हिरचा जुना प्रकार (डिसोप्रॉक्सिल) जेवणाबरोबर घेतला काय न घेतला काय चालतं, पण त्याच्याबरोबर अंगदुखीच्या गोळ्या आणि डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं सारखी घेतलीत तर किडनीवर येतं, लावणीच्या दिवसांत कंबर धरली की आपल्याकडे पहिलं तेच मारून घेतात. तेव्हा शेजारणीला बी आहे आणि ती जेवताना घेते म्हणून आपणही तसंच, असं करू नका, डबीवरचं नाव बघा.

बारा दिवसांचं मात्र मला आवडलं नाही. त्रास झाला नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं. बी ची गोळी व्हायरसला मारून टाकत नाही, दाबून ठेवते, हात काढला की तो वर येतो, आणि येतो तो लगेच नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुद्धा, आणि कधी कधी इतक्या जोरात की लिव्हर फेल होतं. गोळी आजच सुरू करा, राहिलेल्या भरून काढायला दोन दोन घेऊ नका, आणि डॉक्टरांना सांगून लिव्हरची तपासणी करून घ्या. गोळ्या संपायची वाट न बघता पंधरा दिवस आधी आणून ठेवायच्या. खर्चाचा प्रश्न असेल तर २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे, त्यात तपासणी आणि औषध मोफत मिळतं, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. हरतालिकेचं म्हणाल तर तुमच्या गोळीला उपाशी पोटच लागतं, घोटभर पाण्याने घ्या, तेवढ्याने उपास मोडतो असं पार्वतीमाता म्हणायची नाही.

डॉक्टर, माका बी चो व्हायरस असा, दोन वर्सां गोळी चालू असा. गोळी सकाळी घेतंय, माडी सांजेक. मधी धा तास जातत. मगे काय हरकत असा?

हिशोब चांगला केलात! गोळी आणि माडीची पोटात गाठ पडत नाही हे खरंच, पण माडी आणि व्हायरसची लिव्हरमध्ये पडते, ती सकाळी प्या की सांजेक. बी असलेल्या लिव्हरला दारूचं इतकं इतकं चालेल असं माप नाही. माडी झाडाची आहे, फेणी काजूची आहे, म्हणून लिव्हर काही सूट देत नाही. नीरा चालेल का असं पुढचं पत्र येईलच म्हणून सांगून ठेवते, उजाडायच्या आधी उतरवलेली, गार ठेवलेली असेल तर नीरा, आणि ऊन चढेपर्यंत मडक्यात राहिली की ती माडीच, तुम्हाला मी काय सांगणार.

अलिबाग. वय २९, बी साठी टेनोफोव्हिर अलाफेनामाइड घेतो. जिम लावलीय. ट्रेनरने व्हे प्रोटीन, क्रिएटिन, अश्वगंधा आणि फॅट बर्नर सुचवलंय. फॅट बर्नरमध्ये गार्सिनिया आहे, गूगल केलं तर ते कोकमच निघालं. मग सेफ ना? आम्ही तर रोज सोलकढी पितो.

कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. तुमच्या डब्यात बहुधा त्याचा दक्षिणेकडचा भाऊ गार्सिनिया कॅम्बोजिया आहे. दोघांत हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड असतं, आंबटपणा त्याचाच. पण आमटीत चार आमसुलं टाकणं वेगळं आणि त्या सालींचा अर्क आटवून आटवून कॅप्सूलमध्ये भरून दिवसाला तीन वेळा गिळणं वेगळं. अशा कॅप्सूल घेऊन चांगल्या धडधाकट लोकांचं लिव्हर गेल्याच्या, ट्रान्सप्लांटपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी रोज प्या, फॅट बर्नर कचऱ्यात टाका. ग्रीन टी चं तेच, कपातली चालेल, अर्काची कॅप्सूल नको. हळदीचंही तेच बघा, भाजीतली हळद चालेल, पण मिरीचा अर्क घालून जास्त शोषली जाईल अशी केलेली हळदीची कॅप्सूल नको. अश्वगंधाने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आहेत, तीही नको.

व्हे प्रोटीनला माझा तसा विरोध नाही, किडनी ठीक असेल तर, पण अलिबागला राहून डब्यातलं प्रोटीन खायची वेळ यावी म्हणजे कमाल आहे. क्रिएटिन घेतलं की रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं, आणि टेनोफोव्हिरवाल्यांची किडनी आम्ही त्याच आकड्यावरून बघतो, मग किडनी बिघडलीय की तुमचा डबा बोलतोय ते कळत नाही, म्हणून नकोच. आणि झोप आणि मूडसाठी म्हणून ज्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात त्यांत सेंट जॉन्स वॉर्ट आहे का बघा, ते तुमच्या गोळीची ताकद कमी करतं. सी च्या गोळीचीही.

वेंगुर्ल्याहून. आईला सी मुळे सिरॉसिस (लिव्हर कडक होणं) आहे, पोटात पाणी होतं, ते आता कमी आहे. सोफोसबुव्हिरचा कोर्स आणि पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या चालू. मीठ कमी सांगितलंय म्हणून आम्ही कमी सोडियमवालं मीठ आणलं आणि ताकदीसाठी रोज दोन शहाळी देतो. सुकं मासं थोडं चालेल का, त्याशिवाय ती जेवत नाही. आणि बरं वाटतंय म्हणून कालवं काढायला जाते म्हणते.

कमी सोडियमचं मीठ आधी बंद करा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि पाण्याची गोळी जर स्पायरोनोलॅक्टोन असेल (सिरॉसिसमध्ये बहुतेक वेळा तीच असते) तर ती पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. वरून दोन शहाळी, त्यातही पोटॅशियमच. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आधी काही कळत सुद्धा नाही. ह्याच आठवड्यात पोटॅशियम तपासा आणि तोवर शहाळं नको.

मीठ साधंच, पण दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात भाकरीतलं पण आलं. आता खारवलेला बांगडा, सुकट, गोलमा, खारातली मिरची, फणसाचे पापड ह्यांचा हिशोब तुम्हीच करा. सुकं मासं मी नाहीच म्हणेन, रात्रभर भिजवून धुतलं तरी बरंच मीठ आत राहतं. पण त्याशिवाय जेवतच नसेल तर ताजा मासा कोकम, तिरफळ, लसूण घालून जरा चढा करून बघा, आंबट आणि तिखट जिभेला लागलं की मीठ कमी असल्याचं तेवढं जाणवत नाही. प्रोटीन मात्र तोडू नका, वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम रोज. आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, अर्धी नाचणीची भाकरी आणि दूध, पेज, काहीही, सिरॉसिसमध्ये रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्वतःचंच मांस जाळायला घेतं. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. दुसरी पेनकिलर नको.

कालवं. समुद्राच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात, शिंपल्यांत जास्त. धडधाकट माणसाला हगवण लावून सोडतात, पण सिरॉसिसवाल्याच्या रक्तात शिरले तर एक दोन दिवसांत माणूस जाऊ शकतो. शिरायला दोन वाटा, कच्चं किंवा अर्धं कच्चं खाल्लेलं शिंपलं, आणि कातडीवरची जखम. कालवं, तिसऱ्या, शिणाणे आईला द्यायचे तर शिंपला उघडला की लगेच उतरवू नका, उघडल्यावर वर आणखी पाच मिनिटं चांगले खदखदू द्या. आणि खडपात (समुद्राकाठच्या खडकांत) तिला पाठवू नका. कालवाच्या शिंपल्याची धार ब्लेडसारखी, पायाला कापलेलं सिरॉसिसमध्ये सूज असताना लवकर भरत पण नाही. कधी कापलंच आणि जखमेभोवती लाल होऊन सुजायला लागलं, फोड आले, ताप आला, तर हळद भरून रात्र काढू नका, लगेच गाडी काढा आणि हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या सांगा की सिरॉसिस आहे आणि समुद्राच्या पाण्यात कापलंय. ओहोटीला तुम्ही जा, आईला घरी बसून वाटप सांगू दे किती तिखट करायचं ते.